घरचीच सायंटिस्ट

सायंटिस्ट बहीण असली की घराले काय फायदा होते, तुमाले सांगते. जन्मल्यावर मेंदू कसा वाढते, हेच माहं रिसर्च. मागं सुट्टीत भिलाईले, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आली, तं दादाचा दीड वर्षाचा पोरगा हाक मारली तरी पाहे ना, बोटानं काही दाखवे ना. मी दादाले बाजूले घेऊन म्हटलं, "याले डॉक्टरले दाखव. आत्ताच थेरपी सुरू केली तं लय फरक पडते."

दादा भडकला. "दिवसभर उंदरांचे मेंदू पाहते, अन् माह्या पोराले पागल ठरवते? वहिनीजवळ एक शब्द काढला, तं या घरात पाय ठेवू नको."

नंतरही मी त्याले फोन करत राहिली, तो कट करे.

यंदा रायपूरच्या डॉक्टरनं तेच सांगितलं. वरून म्हणाला, "आणायले उशीर केला." मी भेटाले गेली, तं वहिनी रडून राहिली होती. "ताई, तुमचं तं हेच काम आहे ना? मंग माह्या लेकराचं तुमाले कावून नाही दिसलं?"

मी तोंड उघडायच्या आतच दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको," तो म्हणाला. "मोठ्या लोकाइले घरचं कुठं दिसते?"