नमुना आणावा, एक नग मिळेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि सावित्रीकाठ व्यापारी मित्रमंडळाचे आधारस्तंभ माननीय भिकाजीशेठ नगरकर, मुंबईहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे माननीय सुनीलराव, आजचे सत्कारमूर्ती हैबतीदादा उतेकर, त्यांच्या पत्नी रंगूबाई, सूनबाई रेश्मा, आणि ज्यांच्या घरात, गोठ्यात किंवा शेतावर एखादं तरी चांगलं यंत्र एका बोल्टापायी गोणपाटाखाली झाकून पडलेलं आहे, अशा महाड-पोलादपूरच्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो!

हसू नका. हात वर करा म्हटलं तर अर्धं सभागृह वर होईल. मोटर चांगली, पंप चांगला, पाइप चांगला. तुटला कोण? करंगळीएवढा बोल्ट. तो आणायला बाजारात जावं, तर दुकानदार मोबाईलमधून डोकं न काढता विचारतो, "किती पाकिटं?" आपण म्हणतो, "एक नग." मग मात्र तो डोकं वर काढतो आणि असं बघतो, की जणू आपण त्याचा सातबारा आपल्या नावावर करून मागितला.

मी कापड्याची दर्शना सकपाळ. भाताची गिरण चालवते, आणि उरलेल्या वेळात वाचते. निवेदकांनी माझी ओळख 'विदुषी' अशी करून दिली. धन्यवाद. पण आज मी इथे विदुषी म्हणून आलेले नाही. मी हैबतीदादांची गिऱ्हाईक म्हणून आले आहे, आणि मला वाटतं की ह्या व्यासपीठावर मान मिळायला तेवढी पदवी पुरेशी असावी.

हैबतीदादांचं दुकान तुम्ही सर्वांनी पाहिलेलं आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढं ते दुकान. पण भिंतभर लाकडी खण आहेत. प्रत्येक खणावर खडूने आकडा लिहिलाय. काही आकडे सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, काही एमेममध्ये. आणि वर पाटी: 'नमुना आणावा, एक नग मिळेल.' बस्स. ना प्रोप्रायटर, ना शुभलाभ.

ह्या नियमाला अपवाद नाही. तोंडी माप सांगितलेलं दादांना चालत नाही. "जाडजूड होता", "आपल्या आंगठ्याएवढा", "ट्रॅक्टरला असतो तसला", असं सांगणाऱ्याला त्यांनी माघारी धाडलेलं आहे. मोडका का होईना, तुकडा घेऊन ये. नखाने आटे, म्हणजे बोल्टावरच्या पेचाच्या खाचा, चाचपतील, डोळे मिटतील आणि बरोबर त्याच खणात हात घालतील.

आता मराठीत 'नमुना' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दादांच्या पाटीवरचा. दुसरा आपल्या अध्यक्षांनी मंडळाच्या मागच्या सभेत वापरला. "तो हैबती म्हणजे एक नमुनाच आहे, आजच्या काळात एक-एक बोल्ट विकतो!" भिकाजीशेठ, मान हलवू नका, मी दुसऱ्या रांगेत होते. तेव्हाही हशा झाला होता. हसणाऱ्यांत ते लोकही होते, ज्यांच्या बायकांची शिलाईची मशीनं दादांनी चालू ठेवली.

दासगावच्या गीताबाई इथे बसल्या आहेत. त्यांच्या मशीनचा सुई धरणारा स्क्रू लग्नसराईत तुटला. तेवढासा, तिळाएवढा. दादांकडे यायच्या आधी मोठ्या दुकानात गेल्या. उत्तर काय मिळालं, गीताबाई?

"म्हनला, मावशी, नवीन मशीन घ्या!"

ऐकलंत? तिळासाठी मशीन! हेच लोक आज सकाळपासून ह्या माइकवरून 'ग्राहक हा देव' म्हणून सांगताहेत. असा देव ज्याला नैवेद्य शंभरच्या पाकिटातच खावा लागतो.

माझ्या आधी सुनीलराव बोलले. फार छान बोलले. ते म्हणाले, काळाबरोबर बदललं पाहिजे, आज सगळं मोबाईलवर मिळतं, बोटाच्या टोकावर. मी बोटाच्या टोकावर मागवून पाहिलं, सुनीलराव. गिरणीसाठी एक बोल्ट हवा होता, चार सुती, म्हणजे अर्धा इंच. आठव्या दिवशी पन्नास आले, बारा एमेमचे. आता बारा एमेम आणि अर्धा इंच यांत फरक केवढा? केसाएवढा. जवळजवळ बसतो. दोन फेरे छान फिरतो, माणसाला वाटतं जमलं. आणि गिरण पूर्ण वेगात आली की तोच बोल्ट नटातून निसटतो. माझा कामगार दोन पावलं मागे होता म्हणून आज त्याला दोन्ही हात आहेत.

'जवळजवळ' हा शब्द मी त्या दिवसापासून शिवी समजते.

आणि सुनीलराव, बोटाच्या टोकाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून एक गोष्ट सांगते. पंचवीस वर्षं झाली असतील. आंबेनळी घाटात एक वऱ्हाडाची जीप थांबली. डावं चाक पंक्चर. ड्रायव्हर नवा होता, आपला चंदू. तो तिथे दाराशी उभा आहे. लपू नको रे! चंदूने पाना लावला आणि जोर केला. नट सुटेना. पान्यावर उभा राहिला. कडाड! बोल्टच तुटला. दुसरा, कडाड. तिसरा तुटल्यावर चंदूला वाटलं, कोणीतरी करणी केली. करणी कसली? त्या जुन्या जीपच्या डाव्या चाकाला डावे आटे असतात. सोडवायला उलटं फिरवायचं. तो बिचारा सगळ्या ताकदीने नट आवळत होता.

वर जाणारी एसटी निघून गेलेली. खाली येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे चंदूने तुटका बोल्ट रुमालात बांधून दिला आणि सांगितलं, "महाडला हैबतीदादांकडे, असले तीन." पत्ता एवढाच. दादांनी रुमाल सोडला, तुकडा चाचपला, आणि परतीच्या एसटीने त्याच रुमालात तीन बोल्ट, तीन नट आणि एक चिठ्ठी पाठवली. चंदू, काय होतं चिठ्ठीत?

"'डाव्या चाकाला डावे आटे. गाढवा, उलटा फिरव.'"

मधल्या चार तासांत वऱ्हाडातली म्हातारी माणसं म्हणत होती, "अरे, नवरदेवाला मिळेल त्या गाडीत बसवा!" पण नवरदेव बाशिंग मांडीवर घेऊन ठाम. "नवरदेव टेम्पोतनं जात नाय." मुहूर्त टळला, लग्न मात्र लागलं. त्या लग्नाच्या नवरदेवाला आज आपण मघाशी श्रीफळ दिलं. सुनीलराव, वहिनींना माझा नमस्कार सांगा. बोटाच्या टोकावर मागवलं असतं, तर तीन ते पाच दिवस तुम्ही घाटात बाशिंग राखत बसला असता.

चिठ्ठी आली आहे. 'आवरते घ्या.' अध्यक्षमहाशय, आवरतेच आहे. पण ही चिठ्ठी हैबतीदादांच्या चिठ्ठीएवढी उपयोगाची नाही, एवढं नमूद करते.

आपण इथे कशासाठी जमलो आहोत? पत्रिका म्हणते, 'श्री. हैबती उतेकर यांच्या स्वेच्छानिवृत्तीनिमित्त हृद्य सत्कार.' मी सकाळी दादांना दाराशी गाठलं. विचारलं, "दादा, खरंच बंद करताय?" दादा म्हणाले, "निवृत्ती मला पत्रिकेतच कळली गो. गाळा मंडळाचा हाय. त्यांना तिथं केकचं दुकान काढायचंय. मी काय बोलू?"

म्हणजे इच्छा कोणाची? मंडळाची. निवृत्ती कोणाची? दादांची. आणि दोन्ही शब्द जोडून सोनेरी अक्षरांत छापले! शाल घालून माणसाला उठवायची ही रीत मी प्रथमच पाहिली. धक्का मारून बाहेर काढणारा निदान हात तरी दाखवतो. आपण हार घातला.

आणि सोमवारी सकाळी नऊला भंगाराचा टेम्पो येणार आहे. तो सगळा माल, ते सगळे खण, वजनावर जाणार. तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? हं. माना खाली गेल्या, म्हणजे बऱ्याच जणांना.

वजनावर! त्या मालाचं वजन करणाऱ्याने एकवीस सालचा पूर आठवावा. दुकान छतापर्यंत बुडालं. पाणी ओसरलं तेव्हा चिखलाचा एक ढीग आणि त्यात हजारो बोल्ट. सूत आणि एमेम, डावे आणि उजवे, सगळे एकत्र. मंडळाने तेव्हाही सुचवलं होतं, भंगारात घाला. ह्या तिघांनी घमेल्यात डिझेल ओतलं आणि एकेक बोल्ट धुतला. सात महिने. मी रंगूबाईंना विचारलं होतं, "कसे हो वेगळे केलेत?" म्हणाल्या, "तांदूळ निवडते तसं निवडले. फरक एवढाच, ह्यात टाकायचा खडा एक पन नव्हता." त्या सात महिन्यांत रेश्मा आटे ओळखायला शिकली. दादांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. खणातला हात गेली दोन वर्षं रेश्माचा आहे. तिला दुकान चालवायचं आहे. तिला कोणी विचारलं? केकवाल्याला विचारलं.

थांबा. जरा व्यासपीठाकडे बघा. मी काय सांगते त्यापेक्षा ते बघा. मंडळाने दिलेलं सन्मानचिन्ह, लाकडी पाटावर बसवलेलं ते पितळी चाक, दादांनी उलटं केलंय. काय झालं, दादा? माइक घ्या.

"काय नाय. चाक हालतंय ह्याचं."

का हलतंय?

"दोन सुताच्या नटात सहा एमेमचा बोल्ट घातलाय. जवळजवळ बसलाय. आज नाय उद्या पडंल."

टाळ्या नकोत! टाळ्या कसल्या वाजवता? आपल्या कृतज्ञतेचं माप निघालं आहे. जवळजवळ बसणारी शाल, जवळजवळ बसणारा गौरव, आणि आतून सगळं हलतंय. रेश्मा काय करते आहे? पिशवीतून बोल्ट काढला तिने. एकच. बघा, मोजून एक.

आता शेवटचं. मागे साठ-सत्तर माणसं मघापासून उभी आहेत. उभी का? खुर्च्या कमी पडल्या. ह्या सभागृहाच्या मागे मंडळाची एक खोली आहे, कुलूपबंद. मी खिडकीतून पाहिलं. त्यात फाटके फलक आहेत, दोन वर्षांपूर्वीची कमान आहे, आणि घडीच्या लोखंडी खुर्च्यांची थप्पी आहे. मी चिटणीसांना विचारलं, ह्या का नाही मांडल्या? म्हणाले, "ताई, एकेक बोल्ट गेलाय प्रत्येकीचा. त्या मापाचं पाकीट येत नाही."

बंधू-भगिनींनो, हैबतीदादांचं दुकान ह्या दारापासून चाळीस पावलांवर आहे! चाळीस! तेवढी पावलं चालून एक मोडकी खुर्ची नमुना म्हणून दाखवणारा माणूस ज्या मंडळात सापडला नाही, ते मंडळ आज व्यापारावर भाषणं ठोकतं आहे. आपली सगळी प्रगती त्या खोलीत पडली आहे. धडधाकट, आणि एका बोल्टाने निकामी. आणि तो बोल्ट ज्याच्याकडे आहे, त्याला आपण निरोप देतो आहोत.

मला निरोप द्यायचा नाही. मी दादांना शुभेच्छाही देणार नाही, त्या सगळ्यांनी दिल्या आहेत आणि त्यांना खण नसतो. गाळा मंडळाचा आहे, तो केकवाल्याला द्या, खुशाल द्या. पण ती मागची खोली नुसत्या अडगळीसाठी अडवलेली आहे. तिला रस्त्याकडे दार आहे. भिंत लांब आहे, सगळे खण मावतील, मी बाहेरून पावलांनी मोजून आले आहे. दुकान खाली उतारावर आहे, ही जागा वर टेकाडावर, पुराचं पाणी इथवर आलं नव्हतं. खुर्च्या रेश्मा पहिल्याच आठवड्यात उभ्या करून देईल.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. त्यांना पश्चात्ताप होत असेल तर त्याचेही आभार. गीताबाई आणि चंदू, तुम्ही साक्ष दिलीत, तुमचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, आट्यात कुठे जोर जास्त झाला असेल, तर पोटात घाला. मापात चूक झाली असेल तर मात्र नमुना घेऊन या, मी बदलून देईन.

भिकाजीशेठ, त्या खोलीची किल्ली तुमच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात आहे. उद्याची बैठक नको, ठराव नको, उपसमिती नको. सोमवारी नऊला टेम्पो यायच्या आत खण हलवायचे आहेत. आत्ता उठा, आणि ती किल्ली रेश्माच्या हातात द्या. माइक माझ्याकडेच आहे. किल्ली दिल्याशिवाय तो मी खाली ठेवणार नाही.