वय एकोणपन्नास

(नागपूर, रामदासपेठ. पुलाखाली एका संस्थेचं टेबल मांडलंय, मागे टेम्पो उभा. टेबलाशी सोनिका, टेम्पोजवळ चालक नत्थूजी, रांगेत सर्वांत पुढे भीमाबाई.)

सोनिका : आजी, हे तुमच्या कामाचं नाही.

भीमाबाई : मले ठाऊक हाय. रोशनीसाठी पायजे.

सोनिका : मग रोशनीला पाठवा.

भीमाबाई : ते येत नाही.

सोनिका : काहून?

भीमाबाई : पॅड नाही म्हणून.

सोनिका : पण स्वतः आल्याशिवाय पॅड मिळत नाही न!

भीमाबाई : ते म्हणते, पॅड भेटल्यावर येते.

नत्थूजी : मावशी, हळू बोला न जरा. लोकं चहा पिऊन राहिले तिकडं.

भीमाबाई : काहून हळू? चोरीचा माल मागून राहिली का मी?

नत्थूजी : तसं नाही. आम्ही 'सामान' म्हणतो.

भीमाबाई : बरं. पोरीले सामान पायजे.

सोनिका : तुमची नात आहे का?

भीमाबाई : नाही वं. पुलाखाली माह्या बाजूले झोपते. भिवापुराकडची हाय. सकाळपासून पाण्याच्या टाकीमागं दगडावर बसून हाय. एकच सलवार, कशी उठन?

सोनिका : तोवर एखादं फडकं बांधायचं.

भीमाबाई : होतं एक. धुऊन जाळीवर वाळत घातलं, तं झाडूवाल्यानं कचरा समजून नेलं.

सोनिका : मग थांबा थोडं. लाईन संपली की मीच येते तिच्याकडे.

भीमाबाई : किती जणी हायेत लाईनीत?

सोनिका : चाळीस असतील.

भीमाबाई : पोरीले अकरा वाजता दवाखान्यात पोचा लागते. झाडू-पोछ्याचं काम भेटलं. आज पहिला दिवस. दोन महिने चकरा मारल्या तिनं. नाही गेली तं दुसरीले ठेवतो म्हणे.

नत्थूजी : पावणेअकरा झाले.

भीमाबाई : तुले कोणी विचारलं गा?

नत्थूजी : कोणी नाही. सांगून राहिलो.

सोनिका : मी काय करू, आजी? मोबाईलमध्ये नाव, वय, फोटो भरल्याशिवाय पाकीट देता येत नाही. मागच्या वेळी एक नाव राहिलं, तर आमच्या ऑफिसातल्या शोभाताई आठ दिवस बोलत होत्या.

भीमाबाई : मग माह्यं नाव भर.

सोनिका : वय किती?

भीमाबाई : बासष्ट.

सोनिका : मोबाईल एकोणपन्नासच्या वर घेत नाही.

भीमाबाई : एकोणपन्नास लिही.

सोनिका : अन् फोटो? फोटोत दिसेल न!

भीमाबाई : फुटपाथवरची बाई एकोणपन्नासची अशीच दिसते. कोणी काही विचारत नाही.

नत्थूजी : हे खरं हाय.

सोनिका : ...बरं. लिहिलं. आता पाकीट समोर धरा. नत्थूजी, एक द्या.

नत्थूजी : पेपरात गुंडाळून देतो.

सोनिका : गुंडाळलं तर फोटोत काय दिसेल?

नत्थूजी : मग तुमच्या हातानं घ्या, मॅडम. मी तिकडं पाहतो.

भीमाबाई : नत्थू, घरी बायको हाय का गा?

नत्थूजी : हाय. दोन पोरी बी हायेत.

भीमाबाई : मग घरी कुठं पाहतोस?

नत्थूजी : टेम्पो पुसत बसतो.

सोनिका : हलू नका, आजी. झालं. आता शेवटचा प्रश्न. याआधी कधी पॅड वापरलं होतं?

भीमाबाई : नाही.

सोनिका : हे तुमचं सांगून राहिल्या की रोशनीचं?

भीमाबाई : माह्यं. मघापासून तू खोटंच लिहून राहिली, हे एक खरं लिही. हातात बी आज पहिल्यांदा धरलं.

सोनिका : मग तुम्ही काय करत होत्या?

भीमाबाई : बसून राहत होती. एकदा शाळेत शिपाईणीचं काम चालून आलं होतं मले. ज्या दिवशी बोलावलं, त्याच दिवशी बसली होती. दुसरीले भेटलं ते.

सोनिका : ...घ्या, आजी. जा लवकर.

भीमाबाई : जाते. पण हे लावतात कसं, ते सांग आधी. पोरीले बी माहीत नाही.

सोनिका : इथं? सगळ्यांसमोर?

भीमाबाई : हो. अन् जोरात सांग वं. मागं ज्या उभ्या हायेत, त्याहिले बी कोणी सांगितलं नसन.