एकवीसची नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या कार्यशाळेचे व्यवस्थापक साहेब. मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या बाई. व्यासपीठावर खुर्चीच्या कडेला संकोचून बसलेले सत्कारमूर्ती, आपले टूलरूमवाले नाना. पहिल्या रांगेतल्या काकू. आणि पाळी संपवून, हाताचं ग्रीस पुरतं न निघताच इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि वर ‘जरा गोड बोला’ असंही सांगितलं आहे. मी या बस डेपोतला इलेक्ट्रिशियन, आणि तुम्ही निवडून दिलेला कामगार प्रतिनिधी. या दोन्ही कामांत गोड बोलून भागत नाही. तरी प्रयत्न करतो.

माझ्याआधी चार जण बोलले. नाना शांत आहेत, नाना वक्तशीर आहेत, नाना कुणाच्या अध्यात नाहीत मध्यात नाहीत. अहो, हे तर भिंतीवरच्या घड्याळाबद्दलही म्हणता येईल. एकतीस वर्षं या माणसाने केलं काय, हे एकानेही सांगितलं नाही. आणि ज्यांच्या निवृत्तीला अजून सात महिने आहेत त्यांचा निरोप समारंभ आज का, हे विचारायचं तर कुणाच्या जिभेवरही आलं नाही. मी ते सांगणार आहे. नाना, माझा सदरा ओढू नका. एकतीस वर्षं तुम्ही गप्प बसलात, आता पाच मिनिटं मला बोलू द्या.

सुरुवात या भेटीपासून करतो. व्यवस्थापनाने नानांना ही सुंदर निळी पेटी दिली. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून उघडतो. बोल्ट सोडवायच्या सॉकेटचा संच आहे, चकचकीत आहे. झाकणावर छापलंय ‘संपूर्ण संच’. वाचून दाखवतो. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, सतरा, एकोणीस, बावीस, चोवीस, सत्तावीस, तीस, बत्तीस. संपला संच. पहिलीतलं पोर उभं केलं तर तेही विचारेल, बाई, मधले आकडे कुठे गेले?

बाजाराला मधले आकडे परवडत नाहीत, कारण ते खपत नाहीत. बाजाराचं मी समजू शकतो. पण बोल्टने काही बाजाराशी करार केलेला नाही. प्रमुख पाहुण्यांना हे कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. एकाच जाडीचा बोल्ट. आपल्या जुन्या गाड्यांत त्याचं डोकं बावीसचं, नव्या गाड्यांत एकवीसचं. फरक एका मिलिमीटरचा. नखाएवढाही नाही. पण त्या एका मिलिमीटरपायी बावीसचा सॉकेट एकवीसच्या डोक्यावर नुसता फिरतो, कोपरे खातो, आणि मग तो बोल्ट कुणाच्या बापाला सुटत नाही. सायकलच्या पेडलला पंधराचा पाना लागतो, तोही चपटा, कारण जाड पाना त्या फटीत शिरतच नाही. नानांनी तो स्वतः ग्राइंडरवर घासून चपटा केला होता. आपले निम्मे लोक कामावर सायकलने येतात, त्यांना विचारा. गाड्या धुण्याच्या पंपाला तेवीसचा लागतो. कोपऱ्यातल्या जुन्या लेथला तर मिलिमीटर कळतच नाहीत, त्याला इंचात बोलावं लागतं. असे सव्वीस नग नानांच्या बोर्डावर होते. ज्यांना कुणी विचारत नाही, आणि ज्यांच्यावाचून एखाद्या दिवशी अख्खी गाडी अडते, असे सव्वीस.

आता टूलरूमची रीत. ही रीत आपल्याला पाठ आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. प्रत्येक फिटरकडे आपल्या नंबराचे पितळी बिल्ले असतात. बोर्डावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. हत्यार घ्यायचं, त्याच्या जागी आपला बिल्ला टांगायचा, नाना वहीत नोंद करणार. हत्यार परत, बिल्ला परत. सरळ व्यवहार.

पण या सव्वीस नगांना नाना बिल्ला लावू देत नसत. का? कारण तेराचा पाना हरवला तर दुसरा मिळतो. एकवीसचा एकच. तो कुणाच्या हातात द्यायला त्यांचा जीव होत नसे. मग काय करायचे? स्वतः घेऊन यायचे. कापडात गुंडाळून, टूलरूमला कुलूप लावून, हा माणूस गाडीखालच्या खड्ड्याशी यायचा आणि बोल्ट सुटेपर्यंत काठावर उभा राहायचा. आम्ही त्यांना ‘पाठराखीण’ म्हणायचो. “आली रे, एकवीसची पाठराखीण आली.” “नाना, तिला आज आमच्याकडेच राहू द्या की मुक्कामाला.” नाना म्हणायचे, “तुझ्याकडे? तुझ्याकडे तुझा स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर टिकत नाही.” बोल्ट सुटला की सॉकेट पुसायचा, कापडात बांधायचा, परत. बिल्ला नाही, म्हणून नोंद नाही. ज्या हत्यारांना त्यांनी जिवापाड जपलं, त्यांच्या पानावर वहीत एकही ओळ नाही. ही नानांची चूक. होय, चूक. मी इथे आरती ओवाळायला उभा नाही. चुकीला चूक म्हणणार, त्यांच्याही आणि इतरांच्याही.

मागल्या वर्षी साहेबांनी टूलरूमची साफसफाई काढली. नियम असा, की तीन वर्षांत पाचपेक्षा कमी वेळा वापरलेलं हत्यार बाद. ठरवायला तिघांची समिती. साहेब स्वतः, भांडार अधिकारी आणि एक कामगार प्रतिनिधी. नानांना बोलावलं. त्या खोलीत झालेलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

नाना म्हणाले, “साहेब, बाकीचं राहू द्या, पण एकवीस ठेवा. नव्या गाड्यांना लागतो.”

साहेब म्हणाले, “किती वेळा लागला?”

“मोजलं नाही साहेब. आठवड्या-पंधरवड्याला लागतोच.”

“वहीत दाखवा.”

“वहीत नाही. मी स्वतः नेतो.”

“मग तुम्ही नेता याला पुरावा काय?”

 समोर बसलेल्या तिघांकडे नानांनी एकेकदा पाहिलं आणि परत गेले. चार दिवसांनी सव्वीस नग भंगाराच्या गाडीत पडले. बोर्डावरच्या आकृत्यांवर पांढरा रंग मारायचा हुकूम आला. नानांनी तोही स्वतः मारला, एकच हात. आजही जाऊन बघा, पांढऱ्याखालून काळं दिसतं.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. ‘आवरते घ्यावे.’ घेतो साहेब. आवरायचंच काम चाललं आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण एकदा या माइकवरून बोललं गेलं पाहिजे. भंगार गेल्यापासून पाचव्या महिन्यात नवी गाडी खड्ड्यावर आली. बोल्ट एकवीसचा. आपला लंबू फिटर, तो तिसऱ्या रांगेत बसला आहे, टूलरूमच्या खिडकीशी गेला. नाना म्हणाले, “नाही रे बाबा. मागणी लिहून वर पाठवलीय, येईपर्यंत गाडी बाजूला लाव.” वरून निरोप आला की गाडी संध्याकाळी रस्त्यावर हवी. मग लंबूने तेच केलं, जे जगातला प्रत्येक अडलेला फिटर करतो. बावीसचा सॉकेट घेतला, फटीत पत्र्याची पट्टी सारली, दांड्याला पाइप लावला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. पट्टी सटकली. माणूस मागे कोसळला, उजवं मनगट खड्ड्याच्या काठावर. दोन ठिकाणी मोडलं. आज हा माणूस, ज्याने डोळे मिटून गिअरबॉक्स उतरवावा, तो फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघतो. डाव्या हाताने.

आणि चौकशी झाली. अहवाल आला. अपघाताचं कारण काय? ‘टूलरूम प्रमुखाचा निष्काळजीपणा. आवश्यक हत्याराच्या वापराची नोंद न ठेवणे व त्याची गरज वरिष्ठांच्या लक्षात वेळीच आणून न देणे.’ चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. ज्याने गरज तोंडावर सांगितली, त्याने सांगितली नाही म्हणून शिक्षा. आणि शिक्षेचं नाव काय, तर स्वेच्छानिवृत्ती. कुणाची स्वेच्छा? मी शब्दकोश चाळणारा माणूस आहे. त्या शब्दाचा असा अर्थ मला कुठल्याही कोशात सापडला नाही.

परवा मी नानांच्या घरी गेलो होतो. नाना आतल्या खोलीत. काकूंनी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, “भाऊजी, समारंभ नाही झाला तरी चालेल. तेवढा एक ‘निष्काळजीपणा’ शब्द काढायला सांगा. हे घरात कधी दाराची कडी दोनदा बघितल्याशिवाय झोपले नाहीत. उद्या आमची नात तो कागद वाचेल.” काकू, तुम्ही हे खासगीत सांगितलंत आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. रागावू नका. तो कागदही काही खासगीत लिहिलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारलंच पाहिजे, की त्या बंद खोलीतलं बोलणं मला कसं माहीत. मी तिथे होतो. समितीतला कामगार प्रतिनिधी मीच. नाना ज्या तिघांकडे पाहत होते, त्यातला तिसरा मी. याच डोळ्यांनी मी त्यांना एकवीस कापडात गुंडाळून खड्ड्याशी नेताना शंभरदा पाहिलं होतं. पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं, की पुरावा मी आहे. पण बोर्डाचा तो भाग रिकामा झाला की त्याच्या खालच्या जागेत कामगारांना कपाटं मिळणार होती. ती माझी मागणी होती, माझ्या निवडणुकीतला शब्द होता. मी खाली मान घालून सही केली. कपाटं आली. माझ्या कपाटाला आरसासुद्धा आहे. गेले तीन महिने मी त्यात बघत नाही.

तेव्हा आजचा माझा राग साहेबांनी एकट्याने अंगाला लावून घेऊ नये. बरोबरीचा वाटा माझा आहे.

म्हणून ही वही आणली आहे. टूलरूमचीच, एकवीसचं तेच कोरं पान. गेले आठ दिवस ती जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरली. ज्याच्या कामाला नाना एकवीस घेऊन उभे राहिले, त्याने आठवेल ती गाडी, आठवेल तो महिना लिहिला आणि पुढे आपला बिल्ला नंबर. एकोणसाठ ओळी झाल्या. लंबूनेही लिहिली, डाव्या हाताने, अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं. नोंद नव्हती ना? ही नोंद.

पानाच्या तळाशी मी दोन वाक्यं लिहिली आहेत. टूलरूम प्रमुखांनी एकवीसची गरज समितीला तोंडी सांगितली होती. समितीने ती ऐकली आणि मानली नाही. त्याखाली तीन सह्यांची जागा आहे. पहिली माझी, ती झाली आहे. भांडार अधिकाऱ्यांनी काल दुपारी केली, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. प्रमुख पाहुण्या बाई, तिसरी झाली की हे पान अहवालाला जोडून तो एक शब्द खोडण्याचा अधिकार तुमच्या कार्यालयाला आहे, हे मी नियमावलीत वाचून आलो आहे.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, ते यापुढे करतील असं वाटत नाही, त्यांचे आभार. तुम्ही खुर्ची न वाजवता ऐकलंत, तुमचे आभार. भाषणाच्या शेवटी कमी-जास्त बोलल्याबद्दल क्षमा मागायची असते. आज जे बोललो त्याबद्दल मी मागणार नाही. त्या खोलीत जे बोललो नाही, त्याबद्दल नाना, तुमची मागतो, आणि लंबू, तुझी.

साहेब, वही तुमच्या पुढ्यात ठेवतो, पेनही ठेवतो. घाई नाही. आम्ही सगळे इथे उभे आहोत. बोल्ट सुटेपर्यंत काठावर उभं राहायचं असतं, हे आम्ही नानांकडूनच शिकलो.