आई जिती हाय, असा फोन आला

माझं नाव दत्तू, पन ते संस्थेनं लिवलेलं नाव हाय, आई मला बाळू म्हनायची. गाव इचारलं तर मी लातूर सांगतो, पन लातूरच्या बी लई आत, कर्नाटकाच्या अंगाला. बाप दगडाच्या खानीवर कामाला व्हता आन् खानीतच एक दिवस गेला, तवा मी सहा वर्साचा असंन. काय सांगू ताई तुमाला, तुमी म्हनता सुरुवातीपासून सांगा, तर सुरुवात ही एवढीच हाय. बाप गेला तवा आई पोटुशी व्हती, ते लेकरू जलमलं आन् आठ दिवसात तेबी गेलं, आन् मग आईचं बोलनंच बंद झालं. पुढं बोलायला लागली ती भलतंच. भर उन्हात रानानं चालत सुटायची, लेकराला पाजायचंय म्हनायची. लोकं धरून आनायचे, खांबाला दोरीनं बांधून ठिवायचे, आन् मी त्या खांबापाशीच बसून ऱ्हायचो, मला वाटायचं दोरी सुटली की ही मला टाकून जाती.

माझा थोरला चुलता, नाना म्हनायचो आमी, त्याची बी पाच लेकरं. त्यानं एक दिवस आमाला दोघाला एसटीत बसवलं. मला वाटेतच एका तालुक्याच्या गावात अनाथ पोरांच्या संस्थेत सोडलं आन् आईला घिऊन पुढं गेला. म्हनला, आईला मोठ्या दवाखान्यात दाखिवतो आन् येतो. सहा महिन्यानं आला आन् म्हनला, तुझी आई वारली रे बाळू. संस्थेच्या वहीत लिवलं, बाप मयत, आई मयत, आन् वर शिक्का मारला. मी सात वर्साचा, मला तो शिक्का खरा वाटला. मोठ्या मान्साला बी वाटतो, ते पुढं सांगतो.

संस्था म्हंजे घंटा. घंटा झाली की उठा, घंटा झाली की पंगतीला बसा, घंटा झाली की झाडलोट. ताटाच्या मागं नंबर खोदलेला, माझा एकोनचाळीस. मारायचे, न्हाई असं न्हाई, पन लई वाईट काय व्हतं सांगू का, रविवार. रविवारी ज्याचं कुनी असंल ते भेटायला यायचं, कुनाची आई, कुनाची आत्या, आन् आमी बाकीचे भिंतीवर चढून फाटकाकडं बघायचो. मला तर ठाव व्हतं माझी मेलीय, तरी मी चढायचो. तिथंच मास्तरांनी सुतारकाम शिकिवलं, ते मातर पोटाला पुरलं. अठरा झाल्यावर दाखला हातात दिला आन् भाईर काढलं. पुन्याला फर्निचरच्या कारखान्यात ऱ्हायलो, सुनीताशी लगीन झालं, लातूरला दोन खोल्या बांधल्या, दोन पोरी झाल्या, थोरली रुपाली, धाकटी गौरी. आन् मग इकडं दोहाला आलो, चौदा वर्सं झाली. उम्म सलालला कंपनीची खोली हाय, सहा जन आमी, आन् काम बंगल्याचे दरवाजे, कपाटं बसवायचं.

फोन आला तवा मी वक्राला साइटवर व्हतो. जेवनाची सुट्टी, प्लायवूडच्या चळतीवर डबा सोडून बसलेलो. इंडियाचा नंबर, पन वळकीचा न्हाई. एक बाई बोलली, मी मनोरुग्णालयातून समाजसेविका बोलते, तुम्ही दत्तूच का, तुमच्या आईचं नाव पार्वती का. मी म्हनलो हो, पन ती वारली लहानपनीच. ती बाई म्हनली, दादा, त्या माझ्यासमोर बसल्यात.

ताई, मी डबा झाकला. कामून झाकला ते माझं मला ठाव न्हाई. डबा झाकला, पिशवीत ठिवला आन् उठून चालत सुटलो, त्या उन्हात, कंपाउंडच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. फोन कानालाच. बाई सांगत व्हती, पस्तीस वर्सं झाली त्यांना इथं, गेली कितीतरी वर्सं त्या बऱ्या आहेत, गोळ्या घेतात, शिवणखोलीत काम करतात, पण न्यायला कुणी नाही. आता जुन्या बायकांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवारागृहात हलवायचं ठरलंय, यादी निघालीय, वीस दिवस हातात आहेत. एकदा तिकडं गेल्या की सगळे कागद पहिल्यापासून करावे लागतील. आन् मग म्हनली, मी मागच्या आठवड्यात तुमच्या घरी फोन केला होता, तुमच्या मिसेस म्हणाल्या राँग नंबर. शेवटी तुमच्या चुलतीकडून तुमचा तिकडचा नंबर मिळाला.

मी सुनीताला फोन लावला. इचारलं, तुला फोन आला व्हता का. तर रडायला लागली आन् म्हनली, हो आला व्हता, आन् मी खोटं बोलले, काय करायचं ते करा. रुपालीची बोलनी चालल्यात, लोकं काय म्हनतील, घरात येड हाय म्हनतील, पोरींच्या रक्तात बी आसंल म्हनतील. आन् तुमी तिकडं, इथं सांभाळायची मी. मी लई वाईट बोललो तिला, सांगत न्हाई काय ते. पन मनात मला बी भ्या वाटत व्हतं, ताई. मला बी वाटलं, ती येडीच असंल तर. हे मी सुनीताला अजून बोललेलो न्हाई.

दुसऱ्या दिशी बाईनं व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर एक म्हातारी, केस बारीक कापलेले, अंगावर इस्पितळाचं पातळ. मी म्हनलो, आई, मी बाळू. तिनं बगितलं आन् मान हलवली. म्हनली, हा न्हवं. माझं पोरगं एवढुसं हाय. आन् हात करून दाखिवलं, कमरंएवढा. फोन बाईच्या हातात दिला आन् उठून गेली.

बाई म्हनली, प्रत्यक्ष या. कागद आणा. त्या तयार असतील तरच पाठवता येईल, जबरदस्ती नाही.

कागद कुठले आनू? माह्या दाखल्यावर आई मयत. आन् रजा मागायला ऑफिसात गेलो तर तिथला क्लार्क, आपलाच इंडियावाला, त्यानं काँप्युटरात बगितलं आन् हसला. म्हनला, तुमने फॉर्म में लिखा है मदर डेड, अब छुट्टी के लिए जिंदा कर दी क्या. लोक आईला मारून रजा घेत्यात, तू जिती करून घेतोस. बाजूचे दोघं बी हसले. मी म्हनलो, साहेब, संस्थेनं लिवलं, मी न्हाई. तो म्हनला, खलास, हँडओव्हर के बाद बात करेंगे. हँडओव्हर म्हंजे बंगले मालकाच्या ताब्यात द्यायचे, ते दीड महिन्यावर, आन् माह्याकडं उरलेले सतरा दिवस.

इस्पितळाचं पत्र मागवलं, ते मराठीत आलं. मन्सुऱ्यात एका टायपिंगवाल्याकडनं इंग्रजी करून घेतलं, तर क्लार्क म्हनला ह्याच्यावर शिक्का न्हाई. शिक्क्याचं आलं, तरी तो हँडओव्हरवरच अडून बसला, तवर उरले बारा. मग मी ऑफिसचा नाद सोडला आन् साइटवरच्या इजिप्तच्या इंजिनिअरसमोर जाऊन उभा ऱ्हायलो. कडक मानूस, दरवाजा एक सूत वाकडा असला तर काढायला लावनारा. त्याला माझी हिंदी कळंना, मला त्याचं इंग्रजी. तर मी सरळ बाईला व्हिडिओ लावला आन् फोन त्याच्या तोंडापुढं धरला. बाईनं आईला आनलं. आईनं मला बगितलं, वळख न्हाई काय न्हाई, परका मानूस समजून म्हनली, किती घाम आलाय रे बाबा तुला, जेवलास का? मी म्हनलो, जेवलो, आन् बाहीनं तोंड पुसलं. इंजिनिअरला मराठीचं अक्षर कळलं न्हाई, पन तो मलाच बघत व्हता. इचारलं, मदर? मी मान हलवली. तो स्वतः ऑफिसात गेला, तिथं मोठ्यानं बोलला, काय बोलला देव जाने. भाईर आला आन् म्हनला, यल्ला, रूह. जा म्हनला. धा दिवस.

इस्पितळ इंग्रजाच्या काळातलं, काळ्या दगडाची भिंत, दोन मान्सं उंच. त्या फाटकापुढं माझे पाय थांबले, ताई. चाळिशी उलटलेला मानूस मी, आन् मला वाटलं आत गेलो तर मला भाईर सोडनार न्हाईत. वाचमनला दोनदा इचारलं, मला परत सोडताल ना?

बाईनं आईला आनलं. आन् तिनं मला समोर उभं बगितलं मातर, किंचाळली. अशी किंचाळली की वॉर्डातल्या बाया पळत आल्या. भावजी आले, भावजी आले, मला नका बांधू. तवा माह्या ध्यानात आलं, तिला मी नाना दिसायलोय. वयानं मी आता नानाच्या वानी झालोय, तेच नाक, तेच टक्कल. ज्या मान्सानं तिला तिथं टाकलं, त्याचं तोंड घिऊन मी तिला न्यायला गेलेलो. बाईच्या मागं लपली आन् तिथूनच मला म्हनली, भावजी, माझं पोरगं कुठं ठिवलं?

मी म्हनलो, मी बाळू. ती कान झाकून घ्यायची. बाई म्हनली, आज जा, उद्या या.

रात झाली, सकाळ झाली, मी लई इचार केला. दुसऱ्या दिशी गेलो, लांब बाकड्यावर बसलो, तिच्याकडं बगितलंच न्हाई, आन् तिनं इचारलं व्हतं त्याचं उत्तर दिलं. म्हनलो, तुमचं पोरगं संस्थेत ठिवलं व्हतं. अनाथ पोरांची संस्था हाय, तालुक्याला. तिनं हळूच इचारलं, तिथं मारत्यात का? म्हनलो, मारत्यात, पन कमी. खोटं बोलवंना. जेवाय देत्यात का? देत्यात, आमटी पातळ असती. अंथरुनात मुततंय का अजून? म्हनलो, पहिलं वर्सभर मुतलं, मग सुटलं. दिसभर असं चाललं. ती इचारायची, मी सांगायचो, जसं काय दुसऱ्याचंच पोर. हिवतापात पडलं ते सांगितलं, भिंतीवर चढून फाटकाकडं बघायचं ते सांगितलं, तवा ती रडली.

तिसऱ्या दिशी, चौथ्या दिशी तसंच. ती बाकड्याच्या त्या टोकाला येऊन बसायला लागली. मी पोराला सुतार केलं, लगीन लावलं, दोन पोरी झाल्या सांगितलं, इमानात बसवून दोहाला आनलं. रजेतले दिस सरत चालले, बाई काळजीत, मी काळजीत, तिला काय घाई न्हाई. पाचव्या दिशी तिनं समदं ऐकून घेतलं आन् म्हनली, मग घिऊन या की भावजी त्याला.

मी म्हनलो, आलोय.

लई येळ बगितलं तिनं. माझा हात हातात घेतला, उलटा केला, घट्टे बगितले. आन् म्हनली, मग इतका उशीर कामून केलास?



चुलतीनं तहसीलला येऊन लिवून दिलं, ही माझी जाऊ, हा हिचा पोरगा. नाना तर वारला कवाच. चुलतीला मी काय बोललो न्हाई. ती एवढंच म्हनली, आमचंच पोट भरत नव्हतं रे. यादीतनं नाव कटलं, आन् रजेचा शेवटचा दिस उरला तवा मी आईला लातूरला आनलं. सुनीता दारात भाकर-पान्याचा तुकडा घिऊन उभी व्हती, ओवाळलं तिनं, पन माह्याकडं बगितलं न्हाई.

रुपालीचं जमत आलेलं मोडलं. सुनीता म्हनली व्हती तसंच झालं. मी इकडं परत आलो, तर आठ दिवसांनी सोयऱ्यांनी निरोप धाडला, आमचा इचार बदलला. रुपालीच म्हनली, बाबा, आज्जीवरनं मोडनारं घर मलाच नको. पन एवढं बोलून तिनं फोनच ठिवून दिला, मी बाप हाय, मला कळतं. सुनीता आता आईला येळच्या येळी गोळ्या देती, न्हाऊ घालती, आन् माह्याशी मोजकंच बोलती. बोलंल हळूहळू, इन्शाल्ला. आई काही दिस मला फोनवर बाळू म्हनती आन् काही दिस भावजी म्हनून पदर घेती. ज्या दिशी भावजी म्हनती त्या दिशी मी तिला पोराची खुशाली सांगतो.

आन् एक सांगायचं ऱ्हायलं. आईला घिऊन निघालो तवा तिच्या वॉर्डातली शेवंता नावाची बाई पळत आली, माझं मनगट धरलं आन् म्हनली, दादा, माह्या भावाला फोन लाव. नंबर तोंडपाठ सांगितला. पाच आकडी. तिला वाटतं लोकांकडं अजून तेच फोन हायती. तिच्या गावाचं नाव मी हातावर लिवून घेतलं. आता शुक्रवारी सुट्टी असती, तर मी त्या गावच्या सरपंचाला फोन लावतो. तो म्हनतो, बघतो. मागच्या शुक्रवारी बी म्हनला, बघतो. म्हनू दे. त्याला कंटाळा येस्तवर मी लावनार हाय. देव त्या बाईला तवर धडधाकट ठिवो.