उलट्यांवरचे दोन झुरके

दवाखान्यातल्या बाकावर सासू पेंगत होती आणि शेजारी पोटुशी सून कान टवकारून बसली होती. मागच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. त्यातली धाकटी, तीही पोटुशी, नुकतीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आली होती.

"काय गं, ओरडल्या?"

"नाही गं ताई! मी म्हटलं, एकटीनंच बोलायचंय. तर लगेच दार लावून घेतलं. मग सगळ्यांना विचारतात तेच विचारलं. दारू, तंबाखू, गांजा? सांगून टाकलं, उलट्या थांबाव्यात म्हणून गांजाचे दोन झुरके मारते."

"अगं बाई!"

"म्हटलं, झाडपालाच तो. तर म्हणाल्या, धोतराही झाडपालाच असतो."

"मग?"

"म्हणाल्या, सांगितलंस ते फार बरं केलंस. आजपासून बंद, आणि बाळ अंगावर पितंय तोवरही नाही. उलट्यांवर गोळ्या दिल्या. सोडणं जड गेलं तर ये म्हणाल्या, रागावणार नाही."

"आणि घरी कळलं तर?"

"ही गोष्ट खोलीबाहेर जात नाही म्हणाल्या."

"मग तू कशाला कोकलतेस? हळू!"

दोघी खुसुखुसू हसल्या.

इकडे सुनेला आत बोलावलं. सासू दचकून जागी झाली आणि पायानं चपला चाचपू लागली.

"तुम्ही बसा, आई. मी एकटीच जाते."

"का गं? काय लपवायचंय?"

"लपवायचं नाही, आई. सांगायचंय."