पाया घातला की ऐंशी टक्के

...आणि नुसता पाया घालून झाला की ऐंशी टक्के पैसे या कंपनीवाल्यांच्या खिशात, हे कुठल्या शाळेतलं गणित, तुम्हीच सांगा. तुम्हाला सांगतो, आमच्या वाकोल्याच्या चाळीत समोरच्याच खोलीत राहतो हा गुणाजी. चौतीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला, हा रस्त्यातली चावी फिरवायचा तेव्हा कुठे आपल्या नळाला पाणी यायचं. असा सरळ माणूस रिटायर झाला, फंड मिळाला, आणि वनमालावहिनींचे गुडघे जिने चढून पार कामातून गेले म्हणून देवगडजवळ वडिलांच्या जागेत दोन खोल्यांचं बैठं घर बांधायला निघाला. गावात गवंडी नव्हते का? होते. पण याला जाहिरात दिसली. अंधेरीतली कंपनी, गावी घर बांधून देते, एसी ऑफिस, गेल्या गेल्या कॉफी... वाट लागली ती तिथेच.

समोर तेजल नावाची मुलगी. आवाज असा गोड की डायबेटिसवाल्याने ऐकू नये. "काका, बुकिंगला पन्नास टक्के, पाया झाला की तीस, स्लॅबला पंधरा, ताबा देताना पाच."

गुणाजी म्हणाला, "बाय, कामाप्रमाणे घे ना. एकदम सगळी चावी खोलली तर पाइप फुटतो."

"समजतं ना काका, पण सिस्टीममध्ये बसत नाही."

शेजारच्या खुर्चीतून वहिनी म्हणाल्या, "पायाक ऐंशी टक्के? मगे भिंती काय राती भूत-देवचार येवन घालतलो?"

त्यावर तेजलने आणखी एक कॉफी मागवली.

अशा किती खेपा झाल्या म्हणता? सहा. वाकोल्याहून अंधेरी, रिक्षा वेगळी, गुडघे वेगळे. बुकिंग वीसवर आणा, बसत नाही. स्लॅब पडल्यावर देतो, बसत नाही. आमचा इंजिनीअर काम बघेल, मग देतो... काका, सिस्टीममध्ये बसत नाही. गुणाजी घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा. जेवायचा नाही धड. जन्माची कमाई आहे हो, परत कुठून आणणार?

सातव्या खेपेला काय झालं कोण जाणे, तेजल हसत म्हणाली, "काका, सर हो म्हणाले. बुकिंगला फक्त दहा टक्के, बाकीचे सारखे हप्ते." गुणाजीने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. वहिनींनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला, आणि बघतात तर प्रत्येक हप्त्यासमोर तारीख. काम होवो न होवो, तारखेला पैसे टाका. वहिनींनी पेन घेतलं आणि कागदावरच्या सगळ्या तारखा एकूणएक खोडल्या, वर लिहायला लावलं, काम झाल्यावर, आमच्या इंजिनीअरने बघितल्यावर. सरांनी मुकाट सही केली. त्या दिवशी गुणाजीने चाळीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू?

पावसाळा गेला, दिवाळी गेली, जागेवर साधं फावडं पडलं नाही. गुणाजी वहिनींना घेऊन आठव्यांदा अंधेरीला. तेजलने आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू? ज्यांचे पैसे आधी येतात, गवंडी आधी त्यांच्याकडे जातात. तुमचे पैसे कामानंतर, मग काम..."

"पण सुरू करायची तारीख असेल ना कागदात?"

"होती, काका. काकूंनी खोडली."

वहिनींनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. गुणाजीने मग हळूच विचारलं, बुकिंगचे दहा टक्के तरी परत... तर पोरीचे डोळे भरले, पण तोंडातून निघालं तेच, सिस्टीममध्ये बसत नाही.

वहिनींना तो एका शब्दाने बोलला नाही, हे मात्र लिहून ठेवा.

काल भाजीच्या गाडीशी भेटला. म्हटलं, काय रे गुणाजी, घराचं कुठवर आलं? भेंडी निवडता निवडता म्हणाला, "चाललंय. आपल्याकडून एकपण हप्ता थकलेला नाही."