पकडला गेला : शून्य

– नाही, बळीराम, सही मागाहून. नोकरीचा अर्ज उद्यापर्यंत पोचला पाहिजे, खेळाडूंच्या राखीव जागेला माझा दाखला लागतो, सगळं ऐकलं मी. आधी ही वही बघ. नऊ वर्षांत हिला हात लावला नव्हता. तुझंच पान आहे, वाच. सन अडुसष्ट. शंभर मीटर – बारा सेकंद आणि एक पंचमांश, तेही अनवाणी. उभ्यानं लांब उडी – आठ फूट सात इंच. एका दमात कबड्डी – एकेचाळीस सेकंद. असे आकडे दुसऱ्या कुणाचे होते? कुणाचेच नव्हते. नरसिंगचे नव्हते, श्रीपतचे तर नव्हतेच. आणि हा शेवटचा रकाना – सरावातल्या चढाया साठ, पकडला गेला शून्य. शून्य! मोजल्याशिवाय न बोलणारा माणूस मी, मी काय समजायचं? गाव म्हणालं, तालुक्याच्या संघात पहिला चढाईला ह्यो? कामून, दुसरा कुणी घावला न्हाई? तुम्ही बौद्ध झालात त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती, तरी गावाचा विटाळ सुटला नव्हता – आणि मी चावडीपुढे उभा राहून सांगितलं, घड्याळाला जात कळत नाही. एकट्यानं सांगितलं. दत्तगुरू साक्षी आहेत.

मग गुलबर्ग्याचा सामना. समोर रायचूरकडची पोरं, तुला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. तू गेलास – सुरेख गेलास, मी शिट्टी मुठीत आवळून बघत होतो – आणि कोपऱ्यातल्या एका किरकोळ पोरानं तुझा घोटा धरला. साधी पकड, तीही ढिली. एक झटका पुरे होता. तू काय केलंस? थांबलास. दम सोडून दिलास आणि वाकून त्याच्या हाताकडे बघत राहिलास. दुसऱ्या चढाईला कमरेला मिठी पडली, तर लाकडासारखा उभा. तिसरी मी तुला दिलीच नाही. परतताना बसमध्ये सगळ्यांदेखत विचारलं – मुद्दाम हरलास ना? तू खाली बघितलंस. मी ते उत्तर समजलो आणि नऊ वर्षं तेच धरून बसलो.

गेल्या पुनवेला गाणगापूरला नरसिंग भेटला. आता बियाणांचं दुकान आहे त्याचं, पोट सुटलंय. प्रसादाचं ताट हातात, आणि हसत हसत सांगतो – "गुरुजी, बळीरामला धरलं व्हतं कुणी? त्याला धरून घरी गेलो असतो तर आईनं उंबरा वलांडू दिला असता का? त्यो आला की आम्ही मागं सरकायचो, शिवायच्या आधीच बाद म्हणून भाईर. आन् तुम्ही म्हणायचे, काय चपळ हाय, हात बी दिसंना!" – म्हणालो होतो मी. हे बघ, समासात लिहिलंय – 'हाताची चपळाई डोळ्यांना न दिसणारी.' माझ्या मैदानावर, माझ्या शिट्टीवर, माझ्या पोरांनी साठ वेळा मला फसवलं. बरं, ती पोरं अडाणी. पण तू? तुला ठाऊक होतं की तुला कुणी धरत नाही. रोज माझ्यासमोर उभा राहायचास, मी शून्य मांडायचो, आणि तू बघायचास. एक शब्द बोलला नाहीस. घात त्यांच्यापेक्षा तू जास्त केलास, बळीराम. तू तरी सांगायचंस.

काय? मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस. – मी? माझा काय संबंध? मी पकड सगळ्यांना शिकवली. नरसिंगचा घोटा धरून, श्रीपतच्या कमरेला मिठी मारून, आता सूट म्हणायचो – एकेकाला दहा दहा वेळा. तुलाही – तुला मातीत आकृती काढून दाखवली होती. छडीनं. मला आठवतंय, बाण काढले होते, पाय कुठे, भार कुठे. सगळं होतं त्यात. – अरे, सकाळचा सराव. मी अंघोळ करून आलेला, घरी जाऊन पोथीला बसायचं, पुन्हा अंघोळ करायला वेळ कुठला होता? ते सोवळं होतं. तुझा अपमान नव्हता तो. चावडीपुढे कोण बोललं होतं तुझ्यासाठी? मी तुला कधी –

दे तो कागद. 'तालुक्यातर्फे खेळला' – खरं आहे. 'वर्तणूक चांगली' – खरं. बसमधलं माझं बोलणं मागे घ्यायला इथे जागा ठेवलेली नाही. 'या खेळाडूस खाली सही करणाराने स्वतः तयार केले' – हे नाही. खोट्यावर मी आजवर सही केलेली नाही. ही ओळ खोडतो. बाजूला माझी आद्याक्षरं. – खाडाखोड चालत नाही? का चालणार नाही? तुझ्या साहेबांना पाठव माझ्याकडे, मी कारण सांगेन त्यांना. तोंडावर सांगेन. – नको. कुणाला पाठवू नकोस. दुसरा कोरा दाखला आण – आणलास तरी मी हेच करीन. असा बघत उभा राहू नकोस, बळीराम. जा.